अर्धी घोषणा लोकांची

भूमच्या आठवडी बाजारात त्या दिवशी प्रचाराची गाडी अगदी माझ्या कानाशी येऊन थांबली होती. मी मेथी निवडत होते आणि फोन वाजला. ईट गावाहून लतीफचा, गफूरमामांच्या मुलाचा होता. तो काहीतरी सांगत होता, आणि गाडीवरचे भोंगे आमच्याच जुन्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव घेऊन ठणाणा करत होते. "काय? मोठ्यानं बोल की जरा," मी ओरडतेय, पलीकडून तोही ओरडतोय... शेवटी पिशवी भाजीवालीपाशीच टाकून मी किराणा दुकानामागच्या बोळात गेले, तेव्हा कुठं ऐकू आलं. "वैनी, बाबा गेले." मला आधी रडू आलं नाही, राग आला. ज्या माणसाचा आवाज भोंग्याशिवाय सगळ्या गावभर जायचा, तो गेल्याचं त्या मेल्या भोंग्यानं मला धड ऐकूसुद्धा दिलं नाही. त्याला आता महिना उलटून गेला, पण भोंगा दिसला की अजून तोच राग येतो.

गफूरमामा म्हणजे ईटचे गफूरभाई खवेवाले. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. माझं माहेर अणदूर. ईटला मी सून होऊन आले, आणि गफूरभाई माझ्या सासऱ्यांचे जिवाभावाचे दोस्त. सासऱ्यांना मामा म्हणायची आमच्याकडं रीत आहे, म्हणून तेही मामाच झाले, आणि मी त्यांची सूनबाई. रस्त्याकडेला त्यांची खव्याची भट्टी होती. पहाटे दूध यायचं, भल्यामोठ्या कढईत चढायचं, आणि मामा लांब दांड्याचं उलथनं घेऊन घामाघूम होत ते हलवत राहायचे. गावातलं राजकारण त्या भट्टीभोवती शिजायचं. कढईला हात द्यायला कुणी पुढं यायचं नाही, पण खरवड खायला सगळे पक्ष हजर असायचे.

पक्षात मामांचं पद काय, असं कुणी विचारलं तर काहीच नाही. ते घोषणा द्यायचे, एवढंच. आमच्या पक्षाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते नाव आता एकाहून जास्त दारांवर लागतं आणि प्रत्येक दार आपलंच खरं म्हणून सांगतं. आम्ही त्यात होतो तेव्हा त्याला एकच दार होतं, आणि त्या दारात तात्या बसलेले असायचे. तात्या म्हणजे तालुक्यात पक्ष उभा करणारे. धोतर, टोपी, पायताण नेहमी धुळीनं भरलेलं. त्यांच्या सभेत भाषण सुरू होण्याआधी मामा उठायचे, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायचे, डावा हात कानावर ठेवायचे आणि म्हणायचे, "तळ्याचं पाणी कुणाचं?" मग एक श्वास घ्यायचे. तेवढ्यात सगळा बाजार उठायचा, "कसणाऱ्याचं!"

आमच्याकडचे विरोधक म्हणजे मालक. कारखाना त्यांचा, जीपगाड्या त्यांच्या, निम्म्या तालुक्याची जमीन एकेकाळी त्यांची. लोक त्यांना नावानं ओळखतच नव्हते, नुसतं मालक. मामा पुकारायचे, "मालकसाहेब..." आणि लोक म्हणायचे, "मुर्दाबाद!" नावापुढं साहेब लावायची सक्ती तात्यांची. भांडण विचाराशी आहे, माणसाचा मान ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात शेवटी मागच्या रांगेतली टवाळ मंडळी हमखास ओरडायची, "गफूरभाई..." आणि सगळे मिळून, "जिंदाबाद!" मामा टॉवेल उगारून त्यांच्या अंगावर धावायचे. ही आमची सभा संपल्याची खूण होती.

महिलांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा पंचायत समितीला पक्षानं मला उभं केलं. का, तर सासरे पक्षाचे होते आणि मला लिहिता-वाचता येत होतं. तोपर्यंत मी चारचौघांत तोंडावरचा पदर सोडून बोललेही नव्हते. पहिल्या सभेत माईक हातात आला आणि मी पाठ केलेलं सगळं एका दमात ओकून मोकळी झाले. घरी आल्यावर मामा बोलले. "सूनबाई, तुमी लोकायला तोंडच उघडू दिलं न्हाय की! आपुन अर्धंच बोलायचं आसतं. मंग दम घ्यायचा. उरल्यालं अर्धं लोकायचं आसतं, ते त्यायनी म्हणायचं." मी विचारलं, "आणि त्यांनी म्हटलंच नाही तर?" मामा हसले. "तर मंग आपलं अर्धं चुकलंय आसं समजायचं आन् घरी जायचं." पुढच्या सभेपासून मी दम घ्यायला शिकले. निवडूनही आले. पाच वर्षं त्या कचेरीत पुष्कळ जण काही ना काही शिकवायला टपलेले होते, पण कामाचं म्हणावं असं मला त्या एका वाक्याइतकं कुणी शिकवलं नाही.

आज लोक म्हणतात, तात्यांचा पक्ष राहिला नाही. मलाही तसंच वाटतं, पण मग मामांचे वडील आठवतात. निजामाच्या राजवटीत उमेदीची वर्षं काढलेला तो म्हातारा भट्टीशेजारी बाजेवर पडून असायचा. तात्यांच्या नावानं घोषणा झाल्या की तो करवादायचा, "तुमचा तात्या पयला आमच्याच पक्षात व्हता की! आमचं सोडून ह्येनं नवं दुकान टाकलं. आमच्या दुधात पाणी घातलं आन् म्हणतंय, माजीच म्हैस!" आम्ही हसायचो. आता वाटतं, म्हातारा अगदीच खोटं बोलत नव्हता. जो तो आपल्या तारुण्यातला पक्ष खरा मानतो, आणि पुढचे सगळे त्याला भेसळ वाटतात. हे कळूनही जीव शांत होत नाही, ती गोष्ट वेगळी.

तात्यांच्या मागं त्यांचे चिरंजीव भाऊसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. रस्ते आणले, सोसायट्या आणल्या, भूमला कार्यालयाची पक्की इमारत बांधली. फक्त तळ्याच्या पाण्याची घोषणा हळूहळू मागं पडली, कारण तोवर तळ्यावर पक्षातल्याच काही जणांच्या पाणी उपसायच्या मोटारी बसल्या होत्या. कुणी ती घोषणा बंद करा म्हणालं नाही. एका सभेत शेवटी आली, पुढच्या सभेत वेळ पुरला नाही, आणि मग ती कुणाला आठवेनाशीच झाली. तिच्या जागी 'भाऊसाहेब आगे बढो' आलं. मामांनी तेही दिलं. "पुढं जाऊ दे की बाबा, जाईल तिकडं जाऊ दे," असं भट्टीवर येऊन म्हणायचे. थट्टाच करायचे, पण उलथनं जरा जोरात फिरायचं.

मग भाऊसाहेबांचा मुलगा आला. त्याला सगळे दादा म्हणतात. शिकलेला, गोड बोलणारा, मला काकू म्हणून पाया पडणारा पोरगा. त्यानं एके दिवशी मालकांशी युती केली. म्हातारे मालक तोवर गेले होते, पण त्यांचा मुलगाही मालकच. ते पद वारशानं चालत येतं. एका रात्रीत तालुक्यातल्या सगळ्या फलकांवर दोघांचे हसरे फोटो लागले. मी दादाला विचारलं, "अरे, तुझ्या आजोबांचं आयुष्य यांच्याशी भांडण्यात गेलं." तो न चिडता म्हणाला, "काकू, आजोबांच्या काळात लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आज त्यांच्या नातवाला खडी फोडायची नाही, त्याला पुण्यात खोली पाहिजे, नोकरी पाहिजे. भांडत बसलो तर त्याला देऊ काय?" खरं सांगायचं तर याचं उत्तर आता मी शोधतही नाही, थकले.

युतीची पहिली सभा ईटलाच ठेवली, आणि घोषणा द्यायला मामाच हवेत असा दादाचा हट्ट. जुनी माणसं त्यांच्या आवाजाला येतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. लतीफही बापाच्या मागं लागला. "बाबा, एक दिवसाचा तर सवाल हाय. न्हाय म्हणलं तर उद्या गावात ऱ्हायचंय आपल्याला." आमच्याकडच्या निवडणुकांत तेव्हा माणसामाणसांत भिंती घालणारी भाषा नव्यानं शिरली होती, आणि लतीफच्या बोलण्यात ती भीती होती. ती मला कळली, मामांनाही कळली. ते गेले. दादाच्या माणसांनी घोषणा आधीच सांगून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर मामा म्हणाले, "बाकीच्या देतो. ही तेवढी दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा, माज्या तोंडी नगं." ती कुठली ते मी इथं लिहीत नाही, पण धर्माच्या नावानं भिंती घालणाऱ्या त्याच भाषेतली होती. दादानं तेवढं ऐकलं.

मी पहिल्या रांगेत होते. मामा उठले, तोंड पुसलं, कानावर हात ठेवला. भाऊसाहेबांची घोषणा झाली, दादाची झाली. मग 'मालकसाहेब आगे बढो' म्हणायचं होतं. मामा म्हणाले, "मालकसाहेब..." आणि जिथं जन्मभर दम घेतला तिथंच त्यांनी दम घेतला. मागून सगळी जुनी खोडं एका सुरात उठली, "मुर्दाबाद!"

कुणी हसलं नाही. मालकांचा चेहरा उतरला, दादा माईककडं धावला. ज्यांनी उत्तर दिलं होतं ते म्हातारे एकमेकांकडं असे बघत होते, जणू शेजाऱ्यानंच त्यांच्या तोंडून बोलून घेतलं. मामा मात्र कानावरचा हात तसाच ठेवून उभे होते. घोषणा त्यांनी पुरी केली नाही. त्यानंतर त्यांना कुठल्या सभेला कुणी बोलावलं नाही. तालुक्यात दोन तट पडले. एक म्हणे म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं, वाघ आहे. दुसरा म्हणे मुद्दाम केलं, फितूर आहे. सवयीनं झालं असेल, असं म्हणणारं मला कुणी भेटलं नाही.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी काही आठवडे झाली. जन्मभर भट्टीचा धूर खाल्लेली छाती आता पायरी चढू देत नव्हती. लतीफनं खव्याचं मशीन आणलंय, त्याच्या घरघरीत मामांचं बोलणं जवळ वाकूनच ऐकावं लागत होतं. ते दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे... पुन्हा दोन शब्द. मी धीर करून विचारलं, "मामा, त्या दिवशी खरंच चुकून झालं का?"

"म्या काय केलं न्हाय, सूनबाई. दम घेतला फकस्त."

मग मशीनकडं बघत आपणहून बोलले. "पक्ष बदलला त्याचं मला काय न्हाय. माणूस बदलतंय, मंग पक्ष का बदलू ने? पण घरातली म्हैस इकायची तरी आपुन घरात इचारतो का न्हाय? कुणी एकानं भट्टीवर येऊन बसायचं व्हतं. म्हणायचं, गफूरभाई, आमाला आता त्ये पटत न्हाय, ह्ये पटतंय. म्या भांडलो आसतो, शिव्या दिल्या आसत्या. मंग चहा पाजला आसता..." पुढं त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हा लख्ख कळलं. पद नको, मान नको. ज्याच्यासाठी आवाज झिजवला त्यानं एकदा तरी येऊन विचारावं, इतकंच. ते शेवटपर्यंत झालं नाही.

ते गेल्यावर मात्र सगळे आले. बाजारातून मी तशीच ईटला गेले. घरात बायकांत बसले होते. जनाजा निघताना बाहेर दादाच्या कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी "गफूरभाई..." म्हणून सुरुवात केली. लतीफनं हात वर केला. "इथं न्हाय, भाऊ. आमच्यात मयतीला घोषणा न्हाय देत." आयुष्यभर घोषणा दिलेला माणूस ओठातल्या ओठात म्हटल्या जाणाऱ्या कलम्यात, खांदे बदलत गेला.

मागच्या आठवड्यात पक्षानं भूमच्या कार्यालयात शोकसभा ठेवली. दादा स्वतः बोलावायला आला, नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, मामांचा फोटो मोठा करून लावलेला, शेजारी तात्या, भाऊसाहेब, दादा, आणि मालकही. एक तरुण कार्यकर्ता हातात माईक घेऊन ओरडत होता, "गफूरभाई अमर रहे, अमर रहे!" पुकारा त्याचाच आणि उत्तरही त्याचंच. मधे सुईच्या टोकाएवढी जागा नव्हती. समोरची माणसं मोबाइल बघत होती. त्यांनी तोंड उघडायची कुणाला गरजच नव्हती. मागच्या भिंतीशी ईटची काही म्हातारी मंडळी अवघडून बसली होती.

मग मला बोलायला उभं केलं. मी सांगणार होते की गफूरमामा मला सासऱ्यांसारखे होते, त्यांनी मला बोलायला शिकवलं, असंच साधंसुधं काहीतरी. फोटोकडं बघितलं. खांद्यावर तोच टॉवेल होता. "गफूरमामा..." एवढं म्हटलं आणि थांबले.

मागून उत्तर आलं, "जिंदाबाद!"

मोबाइलवरची डोकी वर झाली. मेलेल्या माणसाला जिंदाबाद म्हणतात का, असं कुणी म्हणालं नाही. पुढं बोलायचं काही उरलं नव्हतं. मी खाली बसले.

जिना उतरताना दादा मागून आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज गोड नव्हता. "काकू, हे ठरवून केलंत ना?"

"नाही रे," मी म्हणाले. "मी काही केलं नाही. दम घेतला फक्त."