बिटाच्या पाण्याचे हृदय

९ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. प्रयोगशाळेत हातमोज्यांचे नवे खोके उघडले आणि त्या रबरी वासासरशी कोपरखैरण्याचे आमचे स्वयंपाकघर आठवले. कॉलेजच्या व्हिडिओसाठी मी फुगा, सलाईनची नळी आणि बिटाचे पाणी यांचे हृदय बनवले होते. ते दाबायला पप्पा बसले होते. त्यांच्या छातीत त्या दिवसांत धडधडायचे, पण डॉक्टरचे नाव ते काढू देत नसत.

"पप्पा, किती घाई! मिनिटाला बहात्तरच हवेत."

दुसरा हात छातीवर ठेवून ते हसले. "माजं चालतंय तसंच दाबतोय, बाय."

ती थट्टा होती की कबुली, हे तेव्हा उमगले नाही. ते गेल्यानंतर, आजही, ठरवता येत नाही. चित्रण चालू होते, म्हणून मी फक्त मोजत राहिले. त्या मिनिटाची माझी नोंद: एकशे अठरा.