तोर्तिया लाटणारा मोर्चेकरी

एलोइसा बारागानला मी सत्तर सालापासून ओळखते. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या आमच्या, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, हक्कांच्या चळवळीच्या वर्तमानपत्रात ती टाइप करायची, चित्रं काढायची आणि बैठकीला राजमाही शिजवायची. मी मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवायचे. क्रांती तेवढी फेर्मिन करायचा. तो संपादक होता.

फेर्मिनचा एक नियम होता. पोस्टरवर नाव घालायचं नाही. "पोस्टर लोकांचं असतं, एलोइसा. नाव घालणं म्हणजे नुसतं मिरवणं." त्याचं स्वतःचं नाव अंकात चार ठिकाणी यायचं, पण ती बहुधा लोकांचीच इच्छा असावी.

एलोइसाला एकदाच, कोपऱ्यात का होईना, आपलं नाव हवं होतं. मोर्चाच्या पोस्टरसाठी तिने स्वयंपाकघरात फरशीवर घालून उरलेल्या लिनोलियमवर छापायचा ठसा म्हणून झेंडा घेतलेली बाई कोरली आणि खाली बारीक अक्षरात नाव. फेर्मिनने दोन्ही नापास केली.

"नाव काढ. आणि पुढे पुरुष पाहिजे गं! बाई मागे."

"पुरुष ना? घालते की," एलोइसा म्हणाली.

कोरलेलं पुन्हा भरता येत नाही, म्हणून तिने नवा तुकडा घेतला. फेर्मिन छपाईआधी फक्त स्वतःचा अग्रलेख तपासायचा. मी तो नवा ठसा पाहिला होता, पण मला कोण विचारतंय!

मोर्चाच्या सकाळी भिंतीभिंतीवर पोस्टर लागलेलं. पुढे पुरुष होताच. एप्रन बांधून तोर्तिया, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्या, लाटत होता. मिशा हुबेहूब फेर्मिनच्या. झेंडा मागच्या बाईच्या हातात.

"कुणी काढलंय हे?" फेर्मिन कडाडला.

आमच्यात भाषणं पुरुषांची आणि गाणी बायकांची, त्यामुळे बायका गिटारी जुळवत बसल्या होत्या. सगळ्यांचे हात थांबले.

"लोकांनी," एलोइसा म्हणाली.

त्या दिवशी आम्ही हसत हसतच गायलो.

गेल्या वर्षी ते पोस्टर एका संग्रहालयात काचेमागे लागलं. शेजारी कागदी पाटी होती: 'चित्रकार अज्ञात. फेर्मिन आर्सिनिएगा यांच्या संग्रहातून.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एलोइसाने पर्समधून पेन काढलं, 'अज्ञात' खोडलं आणि तिथे आपलं नाव लिहिलं.

पहाऱ्यावरची मुलगी धावत आली. "आजी, अहो आजी, इथे नाव नाही लिहायचं!"

"पन्नास वर्षं हेच ऐकतेय बाळा," एलोइसा म्हणाली, आणि पुढे आडनावही घातलं.