बाहेर गेलेला कण परत आत कसा आला?

"थांबा, थांबा! हे आत्ता बाहेर गेलं होतं ना? मंग परत आत कसं आलं?" बोरकर काकांनी माझ्या स्क्रीनवर बोटच टेकवलं.

काकांची फाउंड्री आहे. तिथे वितळलेलं लोखंड साच्यात ओततात. आमचं ऑफिस सुपेला बाजारात, मोबाइलच्या दुकानावर. मी सिम्युलेशन करते. म्हणजे पाइपातून काही वाहत असेल तर आत काय चाललंय, ते कॉम्प्युटरवर मांडून बघते.

काकांचं दुखणं असं. ओतण्याआधी साच्याला आतून लेप मारतात. त्या लेपात वाळूचेच कण, पण इतके बारीक की तळाशी बसतच नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. अशा मिश्रणाला कलॉइड म्हणतात. हे कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून लेप पातळ राहतो. काकांच्या लाइनीत, म्हणजे ड्रमातून पंपानं स्प्रे गनपर्यंत लेप नेणाऱ्या पाइपात, मात्र त्यांच्या गुठळ्या होत होत्या आणि स्प्रे गनचं तोंड सारखं बुजत होतं. गुठळ्या फुटाव्यात म्हणून काका पंपाचा जोर वाढवायचे, तर आणखीच बुजायचं.

आमचे बॉस देवांगन सर आधीच वैतागले होते. "मॅडम, ये नहीं हुआ तो सिम्युलेशन बंद. फिर वही पाइप की ड्रॉइंग." ड्रॉइंग मी कितीतरी वर्षं काढली होती. परत तिथे जायचं या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

"काका, अख्खा पाइप कॉम्प्युटरले झेपत नाही," मी समजावलं. "मोहरीहून लहान तुकडा घेतो आम्ही. उजवीकून गेलेला कण डावीकून परत आत सोडतो, म्हणजे तुकडाच लांब पाइपासारखा चालते."

"हे तर बेइमानी झाली पोरी! माह्या पाइपात जे गेलं ते गेलं."

देवांगन सर खो खो हसले. मला अस्सा राग आला! या कामात सगळेच असं करतात, मी काही घरी शोधून काढलं नव्हतं. पण क्लायंटपुढे काय बोलणार? गुपचूप सेटिंग बदललं. प्रत्येक कण पाइपातून एकदाच जाईल असं केलं आणि रन टाकला.

गुठळी एकही नाही.

"स्क्रीन पे सब साफ, फाउंड्री में गन जाम," सर म्हणाले. "अब बताइए, इनको क्या मुँह दिखाएँ?"

मला जेवण गोड लागेना. शेवटी स्कूटी काढली आणि थेट फाउंड्री गाठली. काका स्वतःच गन धरून उभे होते. मध्येच त्यांनी घोडा सोडला. फवारा थांबला, पण पंपाची घरघर चालूच.

"काका, पंप बंद नाही करत?"

"कावून करू? घडीघडी चालू-बंद कोण करन?"

"मंग लेप कुठी जाते?"

"जाते वापस ड्रमात." त्यांनी मशीनमागच्या एका पाइपाकडे हात केला.

"अन् हे मले सांगितलं नाही?"

"तुम्ही इचारलं कुठी? सगळ्याच लाइनीत असते ते!"

मी मशीनमागे उकिडवी बसले. परतीच्या पाइपावर एक वॉल्व्ह होता, जवळजवळ बंदच. उघडा ठेवला तर गनला जोर येत नाही, असं काका म्हणाले. म्हणजे तोच लेप दिवसभर फिरत होता, आणि प्रत्येक फेरीत वॉल्व्हच्या त्या बारीक फटीतून घुसत होता!

ऑफिसात येऊन ती फट सिम्युलेशनमध्ये घातली आणि कणांना पुन्हा पुन्हा फिरू दिलं. सुरुवातीला काही नाही. मग दोन कण चिकटले. मग त्यांना तिसरा. फटीत प्रवाह इतका जोराचा की एरवी लांब राहणारे कणही एकमेकांवर आदळत होते, आणि एकदा चिकटले की सुटत नव्हते. पंप वाढवला की गुठळ्या दुप्पट वेगानं.

"सापडलं!" मी एवढ्या जोरात ओरडले की देवांगन सर चहाचा कप घेऊनच धावत आले. कॉम्प्युटर जळाला असं वाटलं होतं त्यांना.

उपाय सोपा निघाला. परतीचा पाइप बंद केला आणि पंपाला पायाचं बटन लावलं. पाय दाबला की पंप चालू, उचलला की बंद. जुना लेप टाकून नवा भरला.

"एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरले इचारून हे पायाचं बटन?" काका कुरकुरले. पण त्या दिवशी गन एकदाही बुजली नाही. संध्याकाळी फोन आला, "पोरी, दुसऱ्या लाइनीचंबी पाहून दे." फोन स्पीकरवर होता. सरांनी ऐकलं आणि ड्रॉइंगचा विषय तिथेच संपला. मला तर नाचावंसं वाटलं.

हल्ली नवीन क्लायंट आला की सर त्याला हा किस्सा रंगवून सांगतात. त्यांच्या किश्शात मशीनमागे तेच बसलेले असतात. पाइपाचं सिम्युलेशन करायचं असेल तर आधी पाइप बघून यावा, एवढं मला कळलंय. आणि ते कळताना माझी एक चांगली ओढणी लेपानं कायमची पांढरी झालीय.