सायकलवाटेतला देव

अ‍ॅमस्टेलव्हीन शहरातला फ्लॅट सोडून आम्ही या डच खेड्यात आलो, ते अंगणाच्या हौसेपायी. गाव म्हणजे एक बांध, त्यावर एका रांगेत घरं आणि खाली सपाट कुरणं. पाहण्यासारखं म्हणाल, तर बांधाच्या वळणावरचा गुडघाभर उंचीचा दगड. इथे पूर्वी तळं होतं. ते उपसून जमीन काढली, तेव्हा दोन गावांची हद्द म्हणून तो पुरला. हे मला शेजारच्या डच आजींनी सांगितलं. या गावचा इतिहास त्या लिहितात. देवाधर्माशी त्यांचा काडीचा संबंध नाही आणि खोटं त्यांना बोलताच येत नाही. चहा कसा झालाय विचारलं, तर "पाणचट" म्हणून मोकळ्या होतात.

सायकलवाट रुंद करायची म्हणून नगरपालिका तो दगड काढणार होती. आजींनी तीन पत्रं लिहिली, तिन्हींना गोड शब्दांत नकार आला. तिसरं उत्तर त्यांनी नीट घडी करून आधीच्या दोन्हींखाली ठेवलं. ते मला बघवेना.

चालू रस्ता कसा अडवायचा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी शेंदूर तेलात कालवला, दगडाला फासला आणि वर अंगणातली दोन फुलं वाहिली.

आठवड्याभरात नगरपालिकेची बाई सायकलवरून आली. आजी आणि मी वळणावरच होतो.

"हे तुमचं देवस्थान का?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. आजींकडे बघायचं टाळलं.

"मग प्रश्नच मिटला. आम्ही तो सन्मानानं अ‍ॅमस्टेलव्हीनला हलवू. तिकडे तुमची भारतीय माणसं पुष्कळ आहेत."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आजींनी घसा खाकरला. "हलवता येणार नाही. मी रोज सकाळी इथे हात जोडते."

बाईनं ते टिपून घेतलं. पुढे वाट हातभर सरकली, दगड राहिला.

त्या दिवशी आजी माझ्या पुढे पुढे चालत घरी गेल्या. आपल्या चावटपणापायी आजींना खोटं बोलावं लागलं, याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते, तर आजी भर पावसात वळणावर उभ्या, हात जोडून. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही.

"आता देवावर विश्वास बसला का?" मी एकदा विचारलं.

"छे," त्या म्हणाल्या. "पण मी 'रोज' म्हणाले होते."