वकीलबाईचं ऑफिस

दवाखान्यातून बरे होऊन घरी गेलात, तेव्हा तुमची चादर कुणी धुतली, हे एकदा तरी विचारलंत का? नाही ना? मग आता ऐका.

मोठ्या दवाखान्याच्या तळघरात धुलाईखातं आहे. तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या एका बाईला सगळ्याजणी वकीलबाई म्हणतात. कुणाची रजा कापली गेली की भांडायला हीच पुढे. तिची जीभ अशी, की मुकादम तिला बघून अर्ध्या जिन्यातून मागे फिरतो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की ती पुस्तक मोठ्याने वाचते. बाया मध्येच तोंड घालतात, पात्रांना शिव्या देतात, लेखकाची अक्कल काढतात. ते सगळं ती घरी जाऊन फोनवर टाइप करते आणि ‘जेवणाची सुट्टी’ नावाच्या ब्लॉगवर टाकते. फोटो नाही, कामाचा उल्लेख नाही. वाचणाऱ्यांना वाटतं, असतील कुठल्यातरी ऑफिसातल्या मैत्रिणी. पण वाचतात आवडीने, कारण तिथे कुणाला मस्का लावलेला नसतो.

मग एका लेखिकेची कादंबरी आली. दवाखान्यावरचीच. तिच्यात धुलाईखात्यातली बाई मेलेल्या रुग्णाच्या खिशातली अंगठी कमरेला खोचते आणि गाणं गुणगुणत घरी जाते.

ते ऐकून मावशीने डबा झाकला. मावशी तिथली सगळ्यात जुनी. गेलेल्या माणसांच्या कपड्यांचे खिसे तीच तपासते. चष्मा, कवळी, कानातलं, जे निघेल ते स्वतः वर वॉर्डात नेऊन देते. एकदा कवळी भलत्याच आजोबांकडे गेली आणि त्यांनी ती घालूनही बघितली, यावर खातं अजून हसतं.

“कुणी सांगितलं गं तिला असलं काही?” मावशीने विचारलं.

त्याच आठवड्यात त्या कादंबरीच्या प्रकाशकाचं आमंत्रण आलं. ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी कार्यक्रम, लेखकांशी गप्पा.

“तोंडावर विचारते तिला,” वकीलबाई म्हणाली. “सोडतेय होय!”

“भांडू नकोस बाई. नुसतं विचार,” मावशी म्हणाली, आणि वकीलबाईचा ड्रेस तिने खात्यातल्या मोठ्या इस्त्रीवर स्वतः कडक करून दिला.

हॉलमध्ये गार हवा होती. छातीवर ब्लॉगच्या नावाची पट्टी, हातात कापडी पिशवी, पिशवीत तीन कोरी पुस्तकं. बाकीचे ब्लॉगवाले एकमेकांना ओळखत होते, कॉफीचे कप घेऊन खिदळत होते. लेखिकेने नेमकं तेच पान वाचायला घेतलं. अंगठी कमरेला खोचली गेली तिथे हॉल हसला. वकीलबाईचा हात आपसूक मांडीवरच्या पर्सवर गेला, जणू आता कुणी तिची झडती घेणार होतं.

“कुणाला काही विचारायचंय?” माईकवरून आवाज आला.

तिचा हात पर्सवरच राहिला.

नंतर लेखिकाच तिच्या पट्टीवरचं नाव वाचून धावत आली. “अय्या, ‘जेवणाची सुट्टी’ तुम्हीच? काय धमाल बोलतात हो तुमच्या मैत्रिणी! कुठल्या ऑफिसात असता?”

“आहे... छोटंसंच आहे.”

“आणि माझं पुस्तक कसं वाटलं त्यांना? अगदी खरं सांगा.”

लेखिकेवर तोंडसुख घ्यायला आपल्यालाही आवडलं असतं. पण ती तर हात हातात घेऊन खरं सांगा म्हणत होती! धुण्याच्या पावडरीने पडलेल्या भेगा तिला लागू नयेत म्हणून वकीलबाईने हळूच हात सोडवून घेतला.

“आवडलं,” ती म्हणाली. “सगळ्यांनाच.”

पुस्तकावर सही झाली. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी, गर्दीत भेटच झाली नाही, असं सांगायचं ती ठरवून आली होती. पण तिच्याआधी लेखिकेने टाकलेला फोटो पोहोचला होता. सुट्टीत वाळवणीच्या मशीनवरच्या पोरीने फोन तिच्यापुढे धरला.

“वाच की. तूच वाचतेस ना आम्हाला?”

वकीलबाईने फोटोखालचं वाचलं. “ऑफिस सांभाळून मैत्रिणींसोबत पुस्तकं वाचणारी आपली लाडकी ब्लॉगर...”

“पुढे?”

“...त्या सगळ्यांना ही कादंबरी मनापासून आवडली.”

“ऑफिस! खुर्ची फिरती आहे का गं?”

“आणि आपला मुकादम तिथे शिपाई असेल!”

बाया डबे सांडेपर्यंत हसल्या. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मावशी हसली नाही. “त्या बाईला माहीत नव्हतं, म्हणून तिने चोर लिहिलं,” ती म्हणाली. “तुला तर माहीत होतं ना गं?”

मान वर करून मावशीकडे बघायची वकीलबाईची छाती झाली नाही. त्या दिवसापासून मावशी डबा घेऊन मशीनमागे एकटी बसते.

वकीलबाईने सगळं ब्लॉगवर लिहून टाकलं. आपलं काम, कादंबरीतली अंगठी, मावशी, आपलं खोटं ऑफिस. खाली शाबासक्यांची रांग लागली. किती प्रामाणिक, केवढी हिंमत! एकेक शाबासकी तिला थोबाडीत बसल्यासारखी लागते. मावशीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढलेला नाही.

तुम्ही त्या ब्लॉगवर गेलात, तर वकीलबाईचं कौतुक करू नका. मावशी चोर नाही, एवढंच तिथे लिहा.