उद्घाटनाचं स्टेज

पूल माणसांना जोडतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. उद्घाटनाला मात्र पूल रिकामा होता आणि माणसं स्टेजवर जोडली जात होती. पुलाचं गणित मांडणारे स्ट्रक्चरल इंजिनिअर दामले माझ्या शेजारी बसून स्टेजवरची डोकी मोजत होते. अठ्ठाविसाव्या पाहुण्याला फळ्या करकरल्या, तसं त्यांनी मांडववाल्याला विचारलं, “खाली टेकू किती दिलेत?”

“काळजी सोडा साहेब. परवा यावरच लावणी झाली.”

“नाचायला किती जणी?”

“एकच की.”

हत्ती गेला तरी पूल हलणार नव्हता. स्टेजचं गणित कुणीच केलं नव्हतं. तेवढ्यात सत्कारासाठी दामल्यांचं नाव पुकारलं. ते पायरीशीच थांबले. “गुडघे दुखतात हो,” म्हणाले आणि शाल-नारळ खालीच घेतला.

सकाळीच आम्ही दोघं टेकडी चढून आलो होतो.