उलटी भरलेली फीत

धाकटा भाऊ गेला आणि त्याची रॉकची एक कॅसेट माझ्याकडे राहिली. ती उलटी वाजवली की ‘खरा गायक मेलाय, हा तोतया आहे’ असा छुपा निरोप ऐकू येतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा. मला तो निरोप ऐकायचा होता.

बुलढाण्यातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं कॅसेट खोलून फीत उलटी भरली. मग डोळे मिटून, स्पीकरला कान लावून मान डोलावत राहिला.

“हा मेला म्हंता? मेलेला माणूस येवढा बोंबलते काय जी?”

भाऊ गेल्यापासून मी पहिल्यांदा खळखळून हसलो.

“अहो, निरोप आहे त्यात. नीट ऐका!”

त्यानं आवाज वाढवला. मला एक शब्दही कळत नव्हता. तरी भावाच्याच हट्टानं मी ओरडलो, “आला! आत्ता आला!”